हस्तिदंतातला उमराव आणि सानगडीचा किल्लेदार

१/ धागा. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय उमरावांची हस्तिदंतात कोरलेली लहान पदके आज तिकडच्या मोठ्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेली दिसतात. त्यांची छायाचित्रे इकडे फिरू लागली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: त्याच काळातल्या आपल्या सरदारांचे चेहरे कुठे आहेत? या प्रश्नात खंत असते, आणि ती खोटी नसते. परंतु त्या खंतीतून आपण जे करू लागलो आहोत, ते मला घातक वाटते. त्याविषयी हा धागा. उदाहरण भंडारा जिल्ह्याचे.

२/ आधी ते पदक म्हणजे काय, हे पाहू. तळहातावर मावेल एवढी लंबगोल चकती. तिच्यावर एका पुरुषाचे मस्तक व खांदे, बहुधा एका बाजूने पाहिलेले, उठावात कोरलेले. डोक्यावर खांद्यापर्यंत रुळणारा कुरळ्या केसांचा टोप, अंगात चिलखत किंवा रोमन पद्धतीने घेतलेले उपवस्त्र, हनुवटी किंचित वर. रंग आरंभी दुधाळ. पुढे काळाने आणि हाताळण्याने पिवळसर झालेला.

३/ हा काळ कलेच्या इतिहासात बरोक म्हणून ओळखला जातो. ढोबळमानाने १६०० ते १७५०. भव्यता, हालचाल आणि दरारा ही त्याची लक्षणे. राजवाड्यांच्या छतांवर जे रंगात दिसते, तेच या पदकांत बोटभर जागेत आणलेले असते. हस्तिदंत त्यासाठी फार सोयीचा. त्याला लाकडासारखे तंतू नसतात. म्हणून केसाएवढी रेघही तो तुटू न देता धरून ठेवतो. टोपाची एकेक बट वेगळी दाखवायची, तर याहून योग्य द्रव्य सहसा सापडत नाही.

४/ पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाजूने पाहिलेले मस्तक ही रोमन नाण्यांवरची रीत आहे. चिलखत बहुधा रणांगणावरचे नसून चित्रासाठी चढवलेले आहे. केस तर स्वतःचे नाहीतच. म्हणजे नाक आणि ओठांचा घाट त्या माणसाचा, बाकीचे सगळे त्याच्या दर्जाचे. असे पदक आरशाचे काम करीत नाही. आपण कोण म्हणून ओळखले जावे, याविषयीचा तो एक अर्ज असतो, आणि त्याचा खर्च अर्जदाराने उचललेला असतो.

५/ या कलेतले एक मोठे नाव म्हणजे डेव्हिड ल मार्शां. जन्म १६७४, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दिएप बंदरात. तो प्रोटेस्टंट पंथाचा. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले आणि हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. ल मार्शां १६९६ मध्ये एडिंबरात होता. पुढे लंडनला आला. उमराव, व्यापारी, विद्वान यांची हस्तिदंती चित्रे त्याने कोरली. न्यूटन, क्रिस्टोफर रेन, सॅम्युएल पीप्स हे त्याच्यापुढे बसलेल्यांपैकी. न्यूटनचा त्याने १७१८ मध्ये केलेला हस्तिदंती अर्धपुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

६/ इतक्या जणांना चेहरा देणारा हा कारागीर १७२६ मध्ये लंडनमधील फ्रेंच निर्वासितांच्या रुग्णालयात विपन्नावस्थेत वारला. त्याच्या कामांवर त्याची सही बहुधा तीन आद्याक्षरांची असते. कारागिराच्या वाट्याला एवढेच.

७/ आणि तो दात कुणाचा? दिएपला हस्तिदंताचे काम भरभराटले, ते तिथल्या जहाजांचा पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याशी व्यापार होता म्हणून. त्याच किनाऱ्यावरून माणसेही गुलाम म्हणून जहाजांत कोंबली जात होती. सुळा म्हणजे हत्तीचा वरचा पटाशीचा दात. त्याचा बराच भाग कवटीत रुतलेला असतो. पूर्ण सुळा हवा, तर हत्ती मरावा लागतो. तेव्हा त्या पदकावर चेहरा एकाचाच असला, तरी ते घडण्यात अनेकांचा जीव आणि घाम गेलेला आहे. त्यांपैकी कुणाचाही चेहरा कोरला गेलेला नाही.

८/ म्हणून माझे पहिले म्हणणे असे: चेहरा टिकणे हा मोठेपणाचा पुरावा नाही. ज्याच्यापाशी पैसा होता, जवळ कारागीर होता आणि ज्याच्या घराण्यात वस्तू जपली गेली, त्याचा चेहरा टिकला. हे तीन योग जुळणे म्हणजे कर्तृत्व नव्हे.

९/ आता भंडाऱ्याकडे येऊ. ल मार्शां लंडनमध्ये उमरावांचे टोप कोरत होता, त्याच वर्षांत वैनगंगेच्या या खोऱ्यावर देवगडच्या गोंड राजांचा अंमल होता. देवगड आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. या घराण्याच्या जाटबा राजाची नोंद 'आईन-इ-अकबरी'त येते: २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती. हत्तीचे मोल इथेही होतेच; ते सैन्याच्या यादीत, घोड्यांच्या पंक्तीत, जिवंत मोजले जात होते.

१०/ याच घराण्यातला बख्त बुलंदशहा. औरंगजेबाच्या दरबारी त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याला 'बख्त बुलंद', म्हणजे थोर नशिबाचा, हा किताब मिळाला. पुढे तो बादशहाविरुद्ध उठला, तेव्हा बादशहाने त्याचे नाव 'निगून बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, असे लिहावे असा हुकूम काढला. दरबारी कागदात नाव पालटता येते. माणूस पालटत नाही. नागपूर शहराची उभारणी त्याने केली, १७०२ च्या सुमारास. आणि लोकांनी लक्षात ठेवला तो बुलंदच.

११/ त्याचा एक पठाण सरदार होता, राजखान. डोंगरताल त्याच्याकडे होते, आणि आजच्या तुमसर तालुक्यातला अंबागड किल्ला त्यानेच १७०० च्या सुमारास बांधला. सातपुड्याच्या रांगेतल्या एका टेकडीवर तट आणि बुरूज आजही दिसतात. पुढे भोसल्यांच्या काळात हा किल्ला कैदखाना झाला. कैद्यांना तिथल्या विहिरीचे सडके पाणी प्यावे लागे आणि त्यातच ते दगावत, अशी आठवण परिसरात सांगितली जाते.

१२/ राजखानाचा मुलगा महंमदखान. त्याची गोष्ट मात्र जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी अशी आहे. देवगडच्या गादीवर भाऊबंदकी माजली, पहिले रघूजी भोसले मध्ये पडले आणि अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात राज्य भोसल्यांकडे गेले. मालकाचे घर कोसळलेले. अशा वेळी किल्लेदारांनी नव्या धन्याला मुजरा करावा, हीच त्या काळची वहिवाट.

१३/ महंमदखानाने तो केला नाही. साकोली तालुक्यातील सानगडीचा किल्ला आणि डोंगरताल त्याने जुन्या धन्याच्या नावाने धरून ठेवले. आठवडे नव्हे, महिने नव्हे, तीन वर्षे. बक्षीस देण्याच्या स्थितीत देवगड उरलेच नव्हते. तेव्हा हे बक्षिसाच्या आशेने केलेले म्हणता येत नाही.

१४/ रघूजींचे वागणेही तितकेच नोंद घेण्याजोगे. त्यांनी या माणसाची निष्ठा ओळखली. सानगडी सोडलीस तर शिवनीचा मुलूख आणि दिवाणी देतो, असा निरोप पाठवला. महंमदखानाने ते मान्य केले, छपारा येथे आपले ठाणे केले आणि त्याचे घराणे शिवनीचे दिवाण म्हणून पुढे नांदले. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची किंमत केली, आणि हरणाऱ्यानेही मान राखून वाट काढली.

१५/ एक गोंड राजा, त्याचा पठाण सरदार, आणि त्या सरदाराच्या मुलाला मानणारा मराठा सेनापती. धर्म, जात, भाषा सगळे वेगळे. आणि तरी निष्ठा कशाला म्हणतात, यावर तिघांचे एकमत. आजच्या भांडणांत अठराव्या शतकाला साक्षीदार म्हणून ओढणाऱ्यांनी सानगडीवर जरा थांबावे.

१६/ आता चेहऱ्याचा प्रश्न. महंमदखान दिसायला कसा होता? उंच की ठेंगणा, दाढी आखूड की लांब? ज्याला समकालीन म्हणता येईल असे त्याचे चित्र प्रचारात नाही. तळहाताएवढे पदक नाही. आहे ती एक कृती, आणि ती जिथे घडली ते ठिकाण.

१७/ यावर काही जण म्हणतात की व्यक्तिचित्राची आवडच आपल्याकडे नव्हती. हे भंडारा जिल्ह्यानेच खोटे ठरवले आहे. पवनी येथे एक शिलास्तंभ सापडला. तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. त्यावरील ब्राह्मी लेख वा. वि. मिराशींनी उलगडला. रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा तो 'छायाखंभ'. छाया म्हणजे प्रतिमा, प्रतिबिंब. मृताची सावली दगडात धरून ठेवणारा खांब. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला एक उमराव, आणि त्याचे स्मारक आपल्या पवनीत.

१८/ या रुपिअम्माची गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की त्याच्याविषयी या खांबाखेरीज काहीच हाती लागत नाही. कोणती लढाई लढला, कुणाचा मुलगा, पवनीत कसा आला, सगळे गडप. महंमदखानाची कृती राहिली आणि रूप गेले. रुपिअम्माची छाया राहिली आणि कृती गेली. दोघांत नशीबवान कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला सानगडीचा किल्लेदार अधिक श्रीमंत वाटतो.

१९/ हस्तिदंतही आपल्याला नवा नाही. मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे सातवाहनकाळातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत. तशाच घडणीची एक मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ मध्ये सापडली. पॉम्पेई गाडले गेले इसवी सन ७९ मध्ये; म्हणजे त्याआधीच इकडचे कोरीव काम भूमध्य समुद्र गाठत होते. बरोक काळात गोव्यात हस्तिदंताचे बाळ येशू आणि मेंढपाळ येशू कोरले जात होते, त्यांचे नमुने जुन्या गोव्याच्या ख्रिस्ती कलासंग्रहालयात पाहता येतात. हात होते, हत्यारे होती, दात होता. सानगडीच्या किल्लेदाराने चेहरा कोरून घेतल्याचे मात्र दिसत नाही.

२०/ आता मूळ मुद्दा. ही रिकामी जागा आपल्याला सोसवत नाही. म्हणून अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ऐतिहासिक पुरुषांचे 'खरे' चेहरे बनवण्याचा छंद बोकाळला आहे. पिळदार मिशा, रेखीव जबडा, डोळ्यांत अंगार, मागे धूळ आणि सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी तेच चित्र जयंतीच्या फलकावर येते, तिसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर. चौथ्या दिवशी कुणी शंका काढली, तर तो अपमान ठरतो.

२१/ यातून काय घडते, ते आपण एकदा भोगले आहे. खुद्द शिवछत्रपतींचे म्हणून एक चित्र महाराष्ट्रात कित्येक वर्षे घरोघर पूजले गेले. ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे होते. इटालियन प्रवासी मनुची याच्या चित्रसंग्रहातून ते आले होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच लेखक व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातले महाराजांचे चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांपुढे मांडले, तेव्हा कुठे चूक सुधारली. ज्यांच्यावर अख्ख्या महाराष्ट्राचे लक्ष, त्यांच्या बाबतीत हे घडले. सानगडीच्या किल्लेदारासाठी कोण बेंद्रे येणार?

२२/ शिवाय तेव्हा चुकीचे चित्र निदान एका खऱ्या माणसाचे होते, खऱ्या चित्रकाराने काढलेले. म्हणून मूळ शोधता आले. आजचे यंत्रनिर्मित चेहरे कुणाचेच नसतात. त्यांचा माग काढत गेले, तर शेवटी कुणीही भेटत नाही. आणि लक्षपूर्वक पाहिल्यास ते सगळे एकमेकांसारखेच दिसतात. गोंड राजा, पठाण सरदार आणि मराठा सेनापती यांना एकच जबडा. ज्यांचे वेगळेपण हाच त्यांचा इतिहास, त्यांना आपण एकाच साच्यातून काढतो.

२३/ विरुद्ध बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. ज्या समाजांचा इतिहास शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिला, त्यांना आपल्या पूर्वजाची मूर्ती हवीशी वाटते. नागपुरात बख्त बुलंदशहाचा पुतळा आहे. त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या गोंड मुलाला मिळणारा आधार कुठल्याही दप्तरात मोजता येणार नाही. पुतळा हा आदर आहे. आदराला आकार लागतो. त्याला माझा विरोध नाही.

२४/ पण आदर आणि पुरावा यांच्या जागा वेगळ्या आहेत. देवळातल्या रामाच्या मूर्तीला आपण छायाचित्र समजत नाही, म्हणूनच तिच्यापुढे निःशंक हात जोडतो. पुतळ्याखाली आणि चित्राखाली 'काल्पनिक' हा एक शब्द लिहिला, तर आदर तसूभरही कमी होत नाही. तो शब्द गाळला, की आदराचे रूपांतर थापेत होते. आणि थाप उघडी पडली की तिच्यासोबत खरी गोष्टही बुडते. सानगडीची तीन वर्षे अशी बुडावीत, हे मला सोसणार नाही.

२५/ मग करावे काय? माझ्या मते तीन साध्या गोष्टी. एक, काल्पनिक चित्राला काल्पनिक म्हणावे. शाळेत तर निश्चितच. दोन, अंबागड आणि सानगडी येथे जावे. मुलांना दोरी आणि कागद देऊन तट मोजू द्यावा, बुरूज काढू द्यावेत, पाणी कुठून येत होते ते शोधू द्यावे. गावातल्या म्हाताऱ्यांकडून किल्ल्याच्या गोष्टी, झऱ्यांची व टेकड्यांची गोंडी नावे उतरवून घ्यावीत. चेहऱ्यापेक्षा हे टिकाऊ आहे, आणि ते अजून हाताशी आहे.

२६/ तीन, प्रतिकृती. हीच युक्ती युरोपातल्या पदकांनी केली. हस्तिदंती पदक एकाच घरात राहते; म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स टॅसीने काचेच्या लगद्यात आणि वेजवुडने भाजलेल्या मातीत व्यक्तिपदकांच्या प्रती काढल्या. बड्यांचे चेहरे मध्यमवर्गाच्या घरी पोहोचले ते असे. पवनीच्या छायाखंभाचा साचा घेऊन त्याची प्रत, मराठी वाचनासह, पवनीच्या चौकात उभी करता येईल. ती प्रत असल्याचे तिच्यावर लिहिलेले असेल. पुरावा गावात परत येईल, आणि तोही खोटे न बोलता.

२७/ पवनी काही लहान ठिकाण नव्हे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली मोठा स्तूप आणि कोरीव शिलास्तंभ निघाले. एका स्तंभावर मुचलिंद नाग आहे आणि त्याचे नावही कोरलेले आहे. त्या प्राचीन शिल्पपरंपरेत बुद्ध मानवी रूपात दाखवीत नसत; रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावले एवढेच कोरीत. पाहणाऱ्याला तेवढे पुरत असे. जागा रिकामी ठेवणे म्हणजे विसरणे नव्हे, हे या जिल्ह्याला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते.

२८/ शेवटी, ज्याच्या दातावर हे सगळे उभे राहिले त्याच्याविषयी. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये बंदी आली, आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतावरही. त्यानंतर, २०२२ च्या अखेरीस, छत्तीसगडमधून गडचिरोलीत उतरलेला रानहत्तींचा कळप गोंदियामार्गे भंडारा जिल्ह्यात आला. धानाचे नुकसान झाले, लोक धास्तावले. त्यांची भीती आणि भरपाईची मागणी दोन्ही रास्त होत्या. पण जाटबाच्या यादीतले हत्ती या मुलखाला केवळ कागदावरचे राहिले नाहीत, हेही खरे.

२९/ तेव्हा युरोपातल्या त्या उमरावाचे पदक जरूर पाहावे. ल मार्शांच्या हाताला दाद द्यावी. फक्त ते पाहून आपल्या किल्लेदाराला उसना चेहरा चढवू नये. महंमदखानाने तीन वर्षे किल्ला राखला, तो ज्या नावासाठी राखला ते नाव त्याचे स्वतःचे नव्हते. एवढे सांगून मुलांना सानगडीच्या तटावर उभे करावे. तो कसा दिसत होता, असे त्यांनी विचारले, तर ठाऊक नाही म्हणावे. धागा समाप्त.